तो डेक कुणाला दिला?

म्हसवडच्या पेठेत रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान चालवताना जुन्या मशीनची खरेदी-विक्री आपोआप गळ्यात पडली. दुरुस्त झालेला सेट न्यायला कुणी येतच नाही, किंवा येतं आणि म्हणतं, "मिस्त्री, बघा की कुणी घेत असंल तर." मग मी बघतो. घेणारा सापडतो, पैसे पोचतात, थोडी दलाली माझी. व्यवहार संपला. पण पंधरवड्याने, महिन्याने, कधी वर्षाने विकणारा पुन्हा दुकानात येतो. येण्याचं कारण भलतंच सांगतो. सेल हवेत, वायर हवी, एसटीला वेळ आहे म्हणून टेकलो. चहा येतो. कप खाली ठेवताना, बाहेर रस्त्याकडे बघत तो विचारतो, "तो डेक कुणाला दिला होता हो?"

हे कोण विचारतं आणि कोण विचारत नाही, हे बघायची मला सवय लागली. कुणालाही वाटेल, नडलेला माणूस जास्त हळहळत असणार, कारण त्याने पडत्या भावात, मनाविरुद्ध विकलेलं असतं. माझ्या बाकड्यावरचा अनुभव उलटा आहे. नडून विकणारा सहसा परत विचारत नाही. "पडूनच आहे, देऊन टाकू" म्हणून ज्याने विकलं, तो विचारतो.

न विचारणाऱ्याचं आधी सांगतो. गावाबाहेरच्या वस्तीवरचे एक आबा लाऊडस्पीकर सर्व्हिस चालवायचे. अहुजाचा ॲम्प्लिफायर, चार कर्णे, त्यांची युनिटं, माइक, रेकॉर्ड प्लेयर आणि लाइट नसेल तिथे चालवायला बॅटरी. लग्न असो, बारसं असो, पहाटे लिंबावर कर्णा चढला की पंचक्रोशीला कळायचं. शिकागो रेडिओ असं नाव असलेला एक जुना माइकही त्यांच्याकडे होता. स्वातंत्र्याच्या काळातल्या सभांच्या फोटोंत पुढाऱ्यांच्या तोंडासमोर हेच नाव वाचायला मिळतं. कंपनी मोटवाने यांची, अस्सल देशी. तो माइक बंद होता. पण सत्काराचा कार्यक्रम असला की आबा तो चालू माइकच्या शेजारी मांडायचे. पाहुण्यांना दोन माइकांपुढे बोलल्याचं समाधान.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर कर्णा बंद झाला. पुढे गावोगाव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर भिंती उभ्या करणारे आले, ज्यांना सगळे 'डॉल्बी' म्हणतात आणि ज्यांचा डॉल्बी कंपनीशी सुतराम संबंध नाही. आबांचं काम कमी झालं, तरी सेट त्यांनी विकला नव्हता. विकला तो २०१२ला पावसाने दगा दिल्यावर. माणदेशाला दुष्काळ नवा नाही. १९७२चा आमच्या घरातल्या थोरांना तोंडपाठ होता, आणि आमच्या शेजारचा राजेवाडीचा तलावसुद्धा १८७६-७७च्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम म्हणून बांधायला घेतलेला. २०१२ला पुढे म्हसवडात माणदेशी फाउंडेशनची छावणी लागली, हजारो जनावरं तिथे जगली. पण छावणी लागायच्या आधीचे आठवडे फार वाईट होते. कडब्याचा भाव ऐकून माणसं बाजारातून मोकळ्या हाताने परत फिरत. त्या दिवसांत आबा ट्रॅक्टरमध्ये सेट घालून आले. मी म्हटलं, "आबा, एक कर्णा तरी ठेवा, आठवण म्हणून." ते म्हणाले, "आठवणीनं म्हशीचं पोट भरतंय व्हय?"

पिलीवकडच्या एकाने सेट नेला. त्यानंतर आबा कितीदा तरी दुकानात येऊन गेले, पण सेटचा विषय नाही. शेवटी मीच काढला. तर म्हणाले, "त्यो गेला म्हणून म्हशी ऱ्हायल्या. त्यातल्या एकीची रेडी आज दावणीला हाय, ये बघायला." हिशेब पुरा. विकलेल्या वस्तूच्या बदल्यात काय आलं ते त्यांना बोट करून दाखवता येत होतं.

हळहळला तो त्यांचा धाकटा. विकलं बापाने आणि चुटपुट लेकाला. शाळेत असताना कर्ण्याच्या कडीला दोर बांधून तो झाडावर ओढायचा. "हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री" हे त्याचं पहिलं जाहीर भाषण. आता तो चाकणला कंपनीत आहे. सुट्टीला आला की अहुजाच्या नव्या सेटचे भाव मलाच सांगतो आणि मग जुना कुठे असेल ते विचारतो. नवा घ्यायची ऐपत आहे, घेत नाही. बापाला यातलं काही बोलत नाही, हे त्याचं शहाणपण.

आता विचारणाऱ्यांकडे येतो. माण, खटाव, खानापूर, आटपाडी या पट्ट्यातून गलाईला गेलेली माणसं देशभर आहेत. सोनारांकडचं जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करून द्यायचं, हा धंदा. भट्टी, ॲसिड आणि विश्वास यांच्या जोरावर आमच्या गावांतली पोरं दक्षिणेत पार केरळपर्यंत आणि उत्तरेत दिल्लीपर्यंत गेली, तिथली भाषा बोलू लागली, आणि दिवाळीनंतर न चुकता गावी येऊ लागली. पाडव्याला सिद्धनाथाच्या देवळात घट बसतात, तुळशीच्या लग्नाच्या वेळी देवाचं जोगेश्वरीशी लग्न लागतं आणि मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला रथ निघतो. गलाईवाला कुठेही असो, रथाला हजर. त्यामुळे माझाही हंगाम तोच. आल्या आल्या माणूस घरातला बंद पडलेला टेप घेऊन माझ्याकडे यायचा, कारण सुट्टी मोजकी आणि गाणं ऐकायचं असायचं आताच.

यातले एक अण्णा मद्रासला होते. बंदराजवळच्या बर्मा बाजारात तेव्हा परदेशी माल मिळायचा. ब्रह्मदेशातून परतलेल्या तमिळ कुटुंबांना पोटापाण्यासाठी तिथे टपऱ्या मिळाल्या, आणि पुढे त्या टपऱ्यांत घड्याळं, कॅमेरे, टेपरेकॉर्डर दिसू लागले. आयातीवर जबर कर असल्याने जपानी डेक सरळ दुकानात मिळणं दुरापास्त. बर्मा बाजारात घासाघीस करून मिळायचा. अण्णांनी आकाईचा कॅसेट डेक घेतला, चादरीत गुंडाळला आणि मुंबईच्या गाडीने कुर्डुवाडीला उतरून, पंढरपूरवरून एसटीत मांडीवर धरून म्हसवडला आणला. प्लग लावायच्या आधी मला बोलावलं हे बरं केलं. मागचा व्होल्टेजचा खटका ११०वर होता. तसाच लावला असता तर पंढरपूरपर्यंत जपलेल्या डेकचा इथे धूर झाला असता.

मी तेव्हा धंद्यात नवा होतो आणि तसलं मशीन उघडायची माझी पहिलीच वेळ होती. समोर ॲल्युमिनियमची पट्टी, सुईचे दोन मीटर, त्यांच्यामागे पिवळसर उजेड. हेड जीएक्स जातीचं, म्हणजे काच आणि फेराइटच्या स्फटिकाचं. साध्या टेपरेकॉर्डरचं हेड आमच्या धुळीत काही वर्षांत खरवडून जातं, त्यावर टेपच्या रुंदीची घळ पडते आणि आवाजातला तिखटपणा जातो. हे हेड मी वर्षानुवर्षं स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं, भिंगाखाली धरलं, त्यावर रेघ दिसली नाही. जोडीला कॉस्मिकचा ॲम्प्लिफायर आणि मोठ्या पेट्यांचे दोन स्पीकर.

अण्णांचं घर धाब्याचं. दीड हात जाडीच्या भिंती, वर लाकडी कडीपाट आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर, सोप्याच्या एका कोपऱ्यात वाकळांची चळत, दुसऱ्या कोपऱ्यात ज्वारीच्या कणग्या. रथाच्या दिवसांत तिथे संध्याकाळी माणसं जमायची. गदिमांचं शेटफळे इथून जवळच, आटपाडी तालुक्यात. त्यामुळे 'गीतरामायण' लागलं की कुणीतरी ते आपल्या भावकीतलं असल्यासारखा बोलायचा. खरं तर ते पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये घुमलं तेव्हा आमच्याकडे रेडिओ मोजकेच होते. पण अभिमानाला रेडिओ लागत नाही.

पुढे मुलांनी जुनं घर पाडून बंगला बांधला. खाली चकचकीत फरशी, वर फॉल्स सीलिंग, अंगणाच्या बाजूला अख्खी काचेची भिंत, टीव्हीखाली होम थिएटर. डेकला जागा कुठेच नव्हती. अण्णा स्वतःच म्हणाले, "पडूनच हाय, देऊन टाका." नड काहीच नव्हती. सांगलीच्या एका हौशी प्राध्यापकांनी नेला. पैसे थेट थोरल्याच्या खात्यात गेले, तिथे असलेल्या पैशांत मिसळले आणि दिसेनासे झाले.

पुढच्या रथाला अण्णा दुकानात आले, चहा घेतला आणि विचारलं. मग दर रथाला विचारू लागले. मी म्हणायचो, "अण्णा, गाणी तर आता मोबाइलवर हवी ती." ते मान हलवायचे आणि म्हणायचे, "काटा हलायचा बघा." एवढंच. शेवटी मी प्राध्यापकांना फोन लावला. त्यांनी काय म्हणावं? "हो, पडूनच आहे, न्या." मी त्यांना म्हटलं, उद्या तुम्हीही विचाराल. ते हसले. भाव मात्र त्यांनी तिप्पट लावला, आणि अण्णांनी या खेपेला नोटा स्वतः मोजून दिल्या.

डेक उघडला तर आतल्या रबरी पट्ट्यांचं डांबर झालेलं. जुन्या रबराचं असं होतं, आणि मशीन न वापरता ठेवलं की हमखास होतं. पुलीच्या खाचेतलं ते काळं लिबलिबीत काढायला कापूस, स्पिरिट आणि आगपेटीची काडी. बोटाला लागलं की साबणाने जात नाही, भाकरीच्या पहिल्या घासाला त्याचा वास येतो. नवे पट्टे मागवले, मीटरमागचे दिवे बदलले, हेड पुसलं. तीच गुळगुळीत काच. बंगल्यावर नेऊन जोडला, कॅसेट घातली, काटे हलले. आणि अण्णांचा चेहरा उतरला.

"मिस्त्री, ह्यो त्यो न्हवं."

मी झाकण काढून आतल्या पट्टीवर पूर्वी मीच जोडलेला रेझिस्टर दाखवला, माझा शिशाचा जाडसर टाका दाखवला. त्यांना पटलं, पण कानाला पटेना. मलाही खटकत होतं. 'स' आणि 'श' टोचत होते, तबल्याचा डग्गा गढूळ लागत होता. मग मी हॉलच्या मधोमध उभा राहून टाळी वाजवली. टाळी काचेवर आपटून टणटणत परत आली. धाब्याच्या सोप्यात ती जागच्या जागी विरली असती. माती, वाकळा, ज्वारीने भरलेल्या कणग्या, भिंतीला टेकलेली माणसं, सगळे आवाज पिणारे. फरशी आणि काच तो जसाच्या तसा परत फेकतात, आणि कानाला मूळचा आवाज आणि परतलेला आवाज एकाच वेळी ऐकावा लागतो. हजारो रुपयांचं होम थिएटर त्या खोलीत कसं वाजत होतं, याची कुणी तक्रार केली नव्हती, कारण त्यावर गाणं कुणी ऐकतच नव्हतं.

उपाय घरातच होता. म्हसवडची घोंगडी जुनी नावाजलेली. मेंढ्या आमच्या माळावरच्या, माग सनगरांचा, खळ चिंचोक्याची. अण्णांच्या माळ्यावर तसल्या जाडजूड घोंगड्या घडी करून ठेवलेल्या होत्या. दोन काचेसमोर पडद्याच्या दांडीवर टाकल्या, एक स्पीकरपुढे अंथरली, एक सोफ्यामागच्या भिंतीला खिळ्यांवर अडकवली. पुन्हा कॅसेट लावली. अण्णांनी डोळे मिटले. पूर्वीसारखं नव्हे, पण ओळख पटण्याइतकं. थोरली सूनबाई दारात उभी होती. तिने अगदी आदराने विचारलं, "काका, पाहुणे आले की काढता येतील ना?"

रथ होईपर्यंत घोंगड्या राहिल्या. अण्णा परत मद्रासला गेले आणि घोंगड्या माळ्यावर गेल्या. डेक जागेवर आहे.

यावर मी बराच विचार केला, कारण अण्णांकडून तिप्पट किंमत वसूल होण्यात माझाही हात होता. अण्णांचं घर पाडलं तेव्हा कुणी हळहळलं नाही. नवं होत होतं, मुलांचं कौतुक चाललं होतं. सोपा गेला, कणग्या गेल्या, संध्याकाळी येणारी काही माणसंही वयोमानाने गेली. ते सगळं परत आणणं शक्य नव्हतं, म्हणून त्याबद्दल कुणाला विचारायचं हा प्रश्नच नव्हता. डेक सांगलीत होता. त्याचा पत्ता होता, फोन होता, भाव होता. म्हणून सगळी हळहळ डेकच्या नावावर चढली.

शाळेतल्या एका मास्तरांच्या पत्नीचंही काहीसं असंच. मास्तर गेल्यावर बाईंनी त्यांचा मर्फीचा रेडिओ माझ्याकडे पाठवला, सोबत पोस्टाचं लायसनचं पुस्तकही. रेडिओ व्हॉल्व्हचा. बटण फिरवल्यावर आधी काहीच घडत नाही, मग हिरवा डोळा उजळतो, मग एक बारीक गुंजन आणि त्यानंतर स्टेशन. फिल्टरचा कंडेन्सर सुकल्यामुळे ते गुंजन वाढलं होतं. मी ते कितीदा काढून देतो म्हटलं, पण मास्तर म्हणायचे, "बातम्या ऐकू येतात ना? मग राहू दे." वाईच्या एका हॉटेलवाल्याने रेडिओ शोभेसाठी नेला. थोड्या दिवसांनी बाई आल्या. म्हणाल्या, संध्याकाळी घर फार गप्प होतं. गाण्याबद्दल, बातम्यांबद्दल एक शब्द नाही. त्यांना ते गुंजन हवं होतं, जे माझ्या लेखी बिघाड होता. मी त्यांना लहानसा एफएम सेट दिला आणि ९०.४वर आमच्या गावची माणदेशी तरंग वाहिनी लावून दिली. २००८पासून चालू आहे, आमच्याच बोलीत बोलतात, बायका आवडीने ऐकतात. बाईंनी महिनाभर ऐकून मत दिलं, "हा छान बोलतो. पण तो नुसता चालू असायचा."

भजनी बुवांची हळहळ वेगळ्या जातीची, आणि मेकॅनिक म्हणून मला ती सर्वांत जवळची. त्यांच्याकडे गॅरार्डचा चेंजर बसवलेला रेकॉर्ड प्लेयर होता. बुवा तबकडी लावून पेटीवर साथ करायचे. १९९०च्या दशकात त्यांची तक्रार सुरू झाली, की संध्याकाळी सूर उतरतो. पेटी आणि तबकडी जुळेना. मी जाऊन पाहिलं. ताटलीच्या कडेला चिकटवलेल्या कागदाच्या चिटोऱ्यावर नजर ठेवून, मनगटी घड्याळ लावून फेरे मोजले. एलपीचे तीन मिनिटांत शंभर फेरे व्हायला हवेत, झाले सत्त्याण्णव. म्हणजे जवळजवळ पाव स्वर खाली. गंमत अशी की ट्यूबलाइटखाली स्ट्रोबची चकती ठेवली तर ठिपके एकदम स्थिर, वेग अचूक असल्याची साक्ष देणारे. साक्षीदार आणि आरोपी एकाच तारेवर! प्लेयरची मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीवर फिरते, आणि ट्यूबही त्याच फ्रिक्वेन्सीने लुकलुकते. पन्नासच्या जागी साडेअठ्ठेचाळीस आली तर दोन्ही सारखेच मंदावतात. त्या काळात पश्चिम भारताच्या ग्रीडवर ताण इतका असायचा, की संध्याकाळी फ्रिक्वेन्सी घसरायची आणि मध्यरात्रीनंतर भार उतरला की वर जायची.

मी बुवांना सांगितलं, प्लेयर शुद्ध आहे, बेसूर आहे ती वीज. त्यांना वाटलं मी दुरुस्ती टाळतोय. "लाइट काय गाती व्हय?" म्हणाले, आणि प्लेयर विकून बॅटरीवर चालणारा टू-इन-वन घेतला. पुढे २००२ला फ्रिक्वेन्सी पडलेली असताना जादा वीज ओढणाऱ्या राज्याला जादा दर लावायची पद्धत आमच्या ग्रीडवर आली आणि वारंवारता बऱ्यापैकी ताळ्यावर आली. एकदा दुकानात दुसऱ्या कुणाचा प्लेयर चालू होता. बुवा आले, खिशातून सुरांची पिपाणी काढली, फुंकली आणि ऐकत राहिले. बरोबर जुळलं. मग म्हणाले, "म्हंजी त्यो खोटा न्हवता." त्यांनी प्लेयर परत मागितला नाही. मात्र ज्याला विकला होता त्याच्या घरी जाऊन एकदा ऐकून आले.

भावाची हळहळ मी या सगळ्यात धरत नाही. एका टुरिंग टॉकीजवाल्यांकडे गॅरार्ड ३०१ होता. जत्रेत तंबूवर खेळाआधी कर्ण्यावर गाणी लावायला वापरायचे. स्विंडनला बनणारा, बीबीसीसारख्या ठिकाणी चालणारा तो टर्नटेबल चोरबाजारातल्या व्यापाऱ्याने जवळपास वजनावर नेला. पुढे नातवाने मोबाइलवर त्याचा आजचा भाव दाखवला तेव्हा मालक दोन दिवस जेवले नाहीत म्हणे. पण ते दुःख लवकरच गोष्ट झालं. आता दरवर्षी ते सांगतात आणि दरवर्षी त्या टर्नटेबलचा भाव वाढतो. ऐकणाऱ्याने "अरारा" म्हटलं की त्यांना बरं वाटतं. असल्या दुःखाची काळजी करायचं कारण नाही.

माझी भाची पुण्यात अर्थशास्त्र शिकते. तिने मला १९९०ला छापून आलेल्या एका प्रयोगाची हकीकत सांगितली. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात कानमन, नेच आणि थेलर या तिघांनी निम्म्या विद्यार्थ्यांना मग दिले आणि विक्री-खरेदी करायला लावली. ज्यांच्या हातात मग होता ते सव्वापाच डॉलरच्या आसपास मागत होते, ज्यांच्याकडे नव्हता ते तीन डॉलरसुद्धा द्यायला तयार नव्हते. वस्तू आपली झाली की तिची किंमत आपल्या डोळ्यांत वाढते. थेलरना पुढे २०१७चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मी तिला म्हटलं, खरसुंडीच्या खिलार बैलांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून एक तास उभी राहा, हेच दिसेल. शिवाय माझं गिऱ्हाईक या प्रयोगात बसत नाही. वस्तू हातात असताना तो तिला किंमतच देत नव्हता, "पडूनच आहे" म्हणत होता. त्याच्या डोळ्यांत किंमत वाढली ती वस्तू दुसऱ्याच्या घरात वाजू लागल्यावर. भाची म्हणाली, यावर वेगळा अभ्यास करता येईल. करू दे. बाकडं माझं आहेच.

माझ्या धंद्यापुरता मी एक नियम केला आहे. नडलेल्याचं मशीन आलं तर त्याच दिवशी पैसे. घेणारा नंतर शोधतो. अशा माणसाला ताटकळत ठेवण्यात अर्थ नाही. आणि "पडूनच आहे" म्हणणाऱ्याचं मशीन महिनाभर विकत नाही. पावती देतो, मशीन दुरुस्त करून चालू स्थितीत फळीवर ठेवतो आणि सांगतो, या बाजूला आलात तर ऐकून जा. बरेच जण येत नाहीत. काही येतात, उभ्या उभ्या एक गाणं ऐकतात आणि सुटल्यासारखे निघून जातात. त्यांचं मशीन मी निर्धास्त विकतो. काही जण बसतात. बसले की मी ओळखतो आणि दुरुस्तीचं बिल करायला घेतो.

सध्या फळीवर सोनोडाइनच्या स्पीकरची जोडी आहे, दहिवडीकडच्या एका निवृत्त साहेबांची. पुण्याचं गिऱ्हाईक रोज फोन करतं, "झाले का तयार?" मी सांगतो, टेस्टिंग चालू आहे, आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज मिळत नाही. साहेब दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा बसले. काल त्यांच्या घरून वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, "भाऊजी, ते स्पीकर परत आणायचं म्हणताहेत. कपाट मी तिथे लावून टाकलंय. तुम्ही विकले म्हणून सांगा." मी बरं म्हटलं. महिना भरायला अजून आठ दिवस आहेत, आणि उद्या साहेब पुन्हा येणार आहेत.